सरळ रेषांमधले कोन आणि अंतरे

प्रतलात एकमेकांना लंब असे दोन अक्ष आखले की प्रत्येक बिंदूला दोन संख्या मिळतात : आरंभबिंदूपासूनचे आडवे अंतर क्ष आणि उभे अंतर य. हेच त्या बिंदूचे निर्देशक. कोणतीही सरळ रेषा म·क्ष + न·य + क = ० अशा समीकरणाने मांडता येते; म आणि न दोन्ही एकदम शून्य नसावेत, एवढीच अट. दोन रेषांमधला कोन किंवा रेषेपासून बिंदूचे अंतर कोनमापक आणि पट्टी हातात न घेता काढायचे, तर लागणारी सगळी माहिती म, न आणि क या तीन संख्यांत असते.

ही कल्पना सतराव्या शतकातली. रेने देकार्त यांचे भूमितीवरचे पुस्तक १६३७ मध्ये लायडनला छापले गेले. त्याच सुमारास पिएर द फर्मा यांनी आपल्या हस्तलिखितात पहिल्या घाताचे समीकरण म्हणजे सरळ रेषा हे स्पष्ट मांडले होते. पण ते छापून आले १६७९ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर. दोघांचे लक्ष मुख्यतः वक्रांकडे होते. साध्या सरळ रेषेचा पद्धतशीर अभ्यास अठराव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समध्ये मोंज आणि लाक्रुआ यांच्या काळात झाला. आज शाळेत शिकवली जाते ती मांडणी त्यांच्या वळणाची आहे.

दोन बिंदूंमधले अंतर पायथागोरसच्या प्रमेयातून थेट निघते. आडव्या फरकाचा वर्ग आणि उभ्या फरकाचा वर्ग यांची बेरीज करून वर्गमूळ घ्यायचे. पुढची सगळी अंतरे याच सूत्रावर उभी आहेत.

कोनाकडे जाण्याची शाळेतली वाट चढावरून जाते. रेषेवर जितके आडवे सरकावे त्याच्या किती पट वर जावे लागते, तो रेषेचा चढ. कर्जतहून लोणावळ्याकडे जाणाऱ्या भोर घाटातल्या रेल्वेमार्गाचा कमाल चढ ३७ ला १ आहे. म्हणजे क्षितिजसमांतर दिशेशी तो मार्ग जेमतेम दीड अंशाचा कोन करतो. कोन आणि चढ यांना जोडणारे गुणोत्तर म्हणजे टॅन. मात्र चढ आणि कोन एका प्रमाणात वाढत नाहीत : चढ १ असेल तर कोन ४५ अंश, चढ २ असेल तर सुमारे ६३.४ आणि चढ ३ असेल तर सुमारे ७१.६. म्हणून दोन रेषांचे चढ वजा करून त्यांच्यातला कोन मिळत नाही. चढांमधला फरक, १ अधिक चढांचा गुणाकार, या संख्येने भागावा लागतो. भागाकाराचे चिन्ह सोडून दिले की लघुकोनाचा टॅन हाती येतो. य = ३क्ष आणि य = क्ष/२ या रेषा घेतल्या तर चढांचा फरक २.५ आणि भाजकही १ + १.५ = २.५. टॅन १, म्हणून कोन बरोबर ४५ अंश. चढ सारखे असतील तर रेषा समांतर. चढांचा गुणाकार −१ असेल तर भाजक शून्य होतो आणि रेषा परस्परांना लंब असतात.

हे सूत्र उपयोगी आहे, पण ते उभ्या रेषेपाशी अडते, कारण उभ्या रेषेला चढच नसतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, ते अंतराबद्दल काहीच सांगत नाही. खरी किल्ली म आणि न या जोडीत आहे. रेषेवरच्या एका बिंदूपासून दुसऱ्यापर्यंत सरकताना म गुणिले क्ष मधला फरक, अधिक न गुणिले य मधला फरक, ही बेरीज नेहमी शून्य येते. दोन दिशा काटकोनात असण्याची अट हीच आहे. म्हणजे (म, न) ही दिशा रेषेला लंब असते. इतके लक्षात आले की बाकीची सूत्रे पाठ करण्याची गरज जवळजवळ उरत नाही.

दोन रेषांमधला कोन म्हणजे त्यांच्या लंबदिशांमधला कोन. ३क्ष − य = ० आणि क्ष − २य = ० या वरच्याच रेषांच्या लंबदिशा (३, −१) आणि (१, −२). संगत संख्यांच्या गुणाकारांची बेरीज ३ + २ = ५. दिशांच्या लांब्या √१० आणि √५. ५ भागिले √५० म्हणजे सुमारे ०.७०७, हा ४५ अंशांचा कॉस. इथे उभी रेषाही इतर रेषांसारखीच वागते.

अंतराचेही तसेच. बिंदूपासून रेषेवरच्या बिंदूंपर्यंत असंख्य रेषाखंड काढता येतात. त्यांतला सर्वांत लहान तो लंब, आणि लंबाची दिशा तर आधीच माहीत आहे. बिंदूचे निर्देशक समीकरणाच्या डाव्या बाजूत घालायचे आणि येणारी संख्या म² + न² च्या वर्गमूळाने भागायची. ३क्ष + ४य − १२ = ० ही रेषा आणि (६, ६) हा बिंदू घ्या. डावी बाजू १८ + २४ − १२ = ३०, भाजक ५, म्हणून अंतर ६. या बिंदूपासून लंबदिशेने ६ एकक मागे आले की (२.४, १.२) हा लंबपाद मिळतो, आणि तो रेषेवरच आहे. भाजक का लागतो? समीकरण दुप्पट केले तरी रेषा तीच राहते, पण डावी बाजू दुप्पट होते. भागाकाराने तो फुगवटा निघून जातो. आधीच असे भागून ठेवलेले समीकरण एकोणिसाव्या शतकातले जर्मन गणिती ऑटो हेसे यांच्या नावाने ओळखले जाते.

अंतर सांगताना चिन्ह सोडतात, पण चिन्हालाही अर्थ आहे. आरंभबिंदूसाठी डावी बाजू −१२ येते. अंतर २.४, आणि ऋण चिन्ह सांगते की तो बिंदू (६, ६) च्या विरुद्ध बाजूला आहे. समांतर रेषांमध्ये फक्त क बदलतो. म्हणून ३क्ष + ४य + ८ = ० या रेषेपासून आपल्या रेषेचे अंतर २० भागिले ५, म्हणजे ४.

कोन आणि अंतर यांची सर्वांत सुंदर भेट कोनदुभाजकावर होते, कारण दुभाजकावरचा प्रत्येक बिंदू दोन्ही रेषांपासून सारख्याच अंतरावर असतो. ३क्ष + ४य − १२ = ० आणि ४क्ष + ३य − १२ = ० या रेषांची अंतरे समान मांडली की दोन उत्तरे निघतात : य = क्ष आणि ७क्ष + ७य = २४. हे दोन्ही दुभाजक परस्परांना लंब आहेत.

अवकाशात तिसरा निर्देशक वाढतो, रीत तीच राहते. घनाच्या मध्यातून जाणारे कोणतेही दोन कर्ण घेतले तर त्यांच्यातल्या लघुकोनाचा कॉस १/३ येतो. कोन सुमारे ७०.५ अंश आणि त्याचा पूरक १०९.५. मिथेनच्या रेणूत कार्बन घनाच्या मध्यावर आणि चार हायड्रोजन एकाआड एक कोपऱ्यांवर असल्यासारखी रचना असते, म्हणून तिथल्या बंधांमधला कोनही १०९.५ अंशच असतो.

अवकाशात एक नवी शक्यता मात्र निर्माण होते : दोन रेषा समांतर नसूनही एकमेकींना छेदत नाहीत. अशा विषमतलीय रेषांमधले अंतर दोघींनाही लंब असलेल्या दिशेने मोजतात. प्रत्येक रेषेवरचा कोणताही एक बिंदू घेऊन ते जोडायचे आणि त्या जोडाचा सामाईक लंबावर पडणारा प्रक्षेप काढायचा. १० सेंटिमीटर कडेच्या घनाचा मुख्य कर्ण आणि त्याला न छेदणारी कड यांत असे अंतर सुमारे ७.०७ सेंटिमीटर येते, म्हणजे घनाच्या एका पृष्ठाच्या कर्णाच्या बरोबर निम्मे.