कर्कश आवाजात दडलेली फाइल

सिंक्लेअर कंपनीचा ‘झेडएक्स स्पेक्ट्रम’ हा घरगुती संगणक ब्रिटनमध्ये १९८२ साली विक्रीस आला. टिम बर्नर्स-ली यांनी वेबची योजना मांडली ती १९८९ साली. म्हणजे हा संगणक वेबपेक्षा सात वर्षांनी वडील! तरीही हौशी मंडळी आज वेबवरील फाइली त्यावर उतरवून घेतात. हे कसे साधत असेल?

सरळ वाट जवळजवळ बंदच आहे. मूळ यंत्राला इंटरनेटची जोडणी नाही आणि ती बाहेरून दिली तरी भागत नाही. आजची बहुतेक संकेतस्थळे मजकूर सांकेतिक रूपात पाठवतात. त्यासाठी प्रचंड मोठ्या, कित्येकदा सहाशेहून अधिक अंकी संख्यांचे गणित करावे लागते. स्पेक्ट्रममधील झेड-८० या प्रक्रियकाला गुणाकाराची आज्ञाच ठाऊक नाही! बेरजा करीत करीत तो उत्तरापर्यंत पोहोचेपर्यंत पलीकडचा संगणक बहुधा संपर्क तोडून मोकळा होतो.

म्हणून आडवाट धरावी लागते. स्पेक्ट्रम आपले कार्यक्रम साध्या टेपरेकॉर्डरवरील कॅसेटमधून वाचत असे. फाइल आधी फोनवर उतरवून घ्यायची, एका छोट्या कार्यक्रमाने तिचे ध्वनीत रूपांतर करायचे आणि फोनची वायर संगणकाच्या कॅसेटच्या खाचेत घालायची. टेपरेकॉर्डरच्या जागी फोन आला आहे, हे स्पेक्ट्रमला कळतही नाही.

हा आवाज ऐकला तर कानांवर हात ठेवाल. प्रथम सुमारे ८०७ हर्ट्झचा एकसुरी स्वर येतो; ही ‘सावधान’ची सूचना. मग खरखर सुरू होते. तीत ‘०’ म्हणजे सुमारे ४८९ मायक्रोसेकंदांची एक लाट आणि ‘१’ म्हणजे तिच्या दुप्पट लांबीची लाट. संगणक प्रत्येक लाटेचा काळ मोजतो आणि त्यावरून अंक ठरवतो. यातून एक गंमत निष्पन्न होते. यंत्राची सारी ४८ किलोबाइट स्मृती भरायची असेल आणि सगळे अंक ‘०’ असतील, तर सुमारे ३ मिनिटे १२ सेकंद लागतील. सगळे ‘१’ असतील तर ६ मिनिटे २४ सेकंद! दोन्ही अंक सारखेच असतील तर पावणेपाच मिनिटांच्या आसपास. याच वेगाने फोनवरील ३ मेगाबाइटचे एक छायाचित्र पाठवायला जवळजवळ पाच तास लागतील.

मधेच एखादी लाट बिघडली तर? त्यासाठी प्रत्येक खंडाच्या शेवटी एक तपासणी-बाइट असतो. त्याचे तत्त्व चार-चार अंकांवर पाहू. १०११ आणि ०११० या ओळी एकाखाली एक लिहा. प्रत्येक स्तंभातील ‘१’ची संख्या सम व्हावी अशी तिसरी ओळ भरा, ती ११०१ येते. आता पहिल्या ओळीतील तिसरा अंक बदलून १००१ झाला, तर तिसऱ्या स्तंभात विषम संख्या येईल आणि चूक पकडली जाईल. पण दुसऱ्या ओळीतलाही तिसराच अंक बदलला, तर? स्वतः करून पाहा. ताळा बिनचूक जुळतो आणि दोन्ही चुका निसटतात.

हा ताळा अगदी शेवटी होत असल्यामुळे पाच मिनिटे खरखर सोसल्यावर पडद्यावर ‘टेप लोडिंग एरर’ उमटते आणि सारे पुन्हा पहिल्यापासून करावे लागते! अशा वेळी दोष बहुधा आवाजात असतो. तो फार हळू असेल तर लाटांच्या कडा यंत्राला नीट कळत नाहीत. ध्वनीची फाइल फार दाबून लहान केलेली असेल तरीही तेच होते. कारण अशा दाबण्यात माणसाच्या कानाला न जाणवणारे बारकावे टाकून दिले जातात, आणि स्पेक्ट्रमला तर त्या बारकाव्यांचीच गरज असते.

एवढा खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारील. कॅसेटवरील चुंबकीय थर वर्षानुवर्षांनी खराब होतो. वेळीच कोणी तो आवाज टिपून वेबवर ठेवला, म्हणूनच कित्येक कार्यक्रम आज पुन्हा त्या जुन्या यंत्रावर चालू शकतात.