समुद्रकाठची सुट्टी: पाय जपा, पाकीट जपा

मंडळी, हिवाळा संपत आला की आपल्या कार्यक्रमांत मध्यंतराच्या चहाला एकच प्रश्न ऐकू येतो, "यंदा स्प्रिंग ब्रेकला कुठे?" उत्तरेही ठरलेली असतात: कॅनकून, पुंता काना, जमैका, फार तर हवाई. बर्फ उपसून कंटाळलेल्या आपल्या न्यू जर्सीकरांना निळे पाणी, पांढरी वाळू आणि आयते जेवण यांची ओढ वाटली तर नवल नाही. तिकिटे कुठे स्वस्त, कुठल्या हॉटेलात शाकाहारी बरे मिळते, ही माहिती आपण एकमेकांना हौसेने देतो. आज मी लिहिते आहे ती माहिती मात्र मला कोणी दिली नव्हती, आणि खरे सांगायचे तर मी कोणाला विचारलीही नव्हती. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा, म्हणून हा लेखनप्रपंच.

मी डॉक्टर नाही. एका लहानशा कंपनीत हिशेब सांभाळते. तेव्हा औषधोपचाराबद्दल इथे जे लिहिले आहे, ते आपल्या डॉक्टरांना विचारूनच अंमलात आणावे.

आमची गोष्ट

एप्रिल २०२३ मध्ये आम्ही सहाजण कॅनकूनला गेलो. आम्ही दोघे, दोन मुले आणि साताऱ्याहून आलेले सासू-सासरे. सासरे तेव्हा बहात्तर वर्षांचे, आणि त्यांचा मधुमेह अठरा वर्षांचा. गोळ्या वेळेवर, पथ्य बऱ्यापैकी, रोजचे चालणे कधी चुकत नाही. "मला काही होत नाही," हे त्यांचे ब्रीदवाक्य.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाबांनी सवयीप्रमाणे चपला काढून आरामखुर्चीखाली ठेवल्या. कॅनकूनची वाळू पांढरी आणि बारीक, उन्हातही ती फारशी तापत नाही, त्यामुळे आम्हालाही काही वाटले नाही. पण नातवासाठी शहाळ्याचे पाणी आणायला ते तसेच अनवाणी पोहण्याच्या तलावाकाठच्या दगडी फरशीवरून गेले, तिथे रांगेत उभे राहिले आणि सावकाश परत आले. त्याच फरशीवरून आमची मुले "हाय हाय" करत उड्या मारत पळत होती. बाबांची संथ चाल पाहून मी हसून म्हटलेसुद्धा, "बघा, याला म्हणतात साताऱ्याचे पाय!"

रात्री सासूबाईंना चादरीवर ओला डाग दिसला. बाबांच्या दोन्ही तळव्यांना मोठाले फोड आले होते आणि त्यातला एक फुटला होता. बाबांना काहीच कळले नव्हते. तिथल्या डॉक्टरांनी नंतर समजावले की, मधुमेह बरीच वर्षे असला की पायांच्या नसा हळूहळू बधिर होतात. चटका बसतो, पण त्याची वेदना मेंदूपर्यंत पोहोचत नाही. आम्ही ज्याला काटकपणा समजून हसलो, ते दुखण्याचे लक्षण होते.

हॉस्पिटलात डॉक्टर भेटण्याआधी खिडकीवर ठेव भरावी लागली, तीही क्रेडिट कार्डावर. बाबा-आई अमेरिकेत आले तेव्हा आम्ही त्यांचा विमा उतरवला होता, म्हणून मी निर्धास्तपणे फोन लावला. पलीकडून उत्तर आले की, हा विमा अमेरिकेत होणाऱ्या उपचारांपुरता आहे; शिवाय तक्रार जुन्या आजाराशी संबंधित दिसते. दिवसभर दुसऱ्यांचे आकडे तपासणारी मी, स्वतःच्या घरची पॉलिसी प्रथमच नीट वाचत होते, आणि तीसुद्धा हॉस्पिटलच्या बाकावर बसून.

जखमा भरायला नऊ आठवडे लागले. बाबांचे परतीचे तिकीट पुढे ढकलावे लागले. पण जंतुसंसर्ग वाढला नाही, बोटे वाचली, यातच आम्ही सारे मिळवले. तेव्हापासून आमच्या घरी एक नियम आहे: सहलीचा बेत घरातल्या सर्वांत नाजूक माणसाच्या मापाने आखायचा. बाकीच्यांचे आपोआप निभावते.

पाय

घरात कोणाला मधुमेह असेल तर निघण्यापूर्वी डॉक्टरांकडून पायांची तपासणी करून घ्या. नायलॉनचा एक बारीक तंतू तळव्याला टेकवून स्पर्श कळतो का ते पाहतात. दोन मिनिटांचे काम आहे, आणि ते एरवीही वर्षातून एकदा व्हायला हवे. किनाऱ्यावर, तलावाकाठी, अगदी पाण्यातसुद्धा पायांत वॉटर शूज असू द्या. शिंपले आणि दगड यांचाही त्रास वाचतो. पायांत घालण्यापूर्वी बुटात हात फिरवून खडा नाही ना हे पाहा. रोज रात्री तळवे उजेडात बघा; स्वतःला वाकता येत नसेल तर आरसा घ्या किंवा नातवंडांना कामाला लावा.

चटका बसलाच तर वीस मिनिटे साध्या गार वाहत्या पाण्याखाली पाय धरा. बर्फ, टूथपेस्ट, हळद, तूप यांतले काही लावू नका, फोड फोडू नका, आणि मधुमेही माणसाला त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

ऊन आणि औषधे

"आपण मुळचेच सावळे, आपल्याला काय ऊन लागणार," हा समज सोडून द्या. सावळी कातडीसुद्धा भाजते, आणि विषुववृत्ताच्या जवळ सूर्य डोक्यावर असतो. किमान तीस एसपीएफचे सनस्क्रीन मोठ्या माणसाच्या सर्वांगाला साधारण तीस मिलिलिटर, म्हणजे दोन मोठे चमचे लागते, आणि दर दोन तासांनी व पाण्यातून बाहेर आल्यावर पुन्हा लावावे लागते. हवाईला जाणाऱ्यांनी बाटलीवरची घटकांची यादी जरूर वाचावी. पोवळ्यांना अपाय होतो म्हणून १ जानेवारी २०२१ पासून तिथे ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनॉक्सेट असलेल्या सनस्क्रीनच्या विक्रीवर बंदी आहे. सर्वांत स्वस्त उपाय मात्र आपल्या आजीचाच: भर दुपारी सावलीत बसणे.

रक्तदाबावरच्या काही गोळ्यांनी, विशेषतः थायझाइड प्रकारच्या, कातडी लवकर भाजते. आपल्या गोळ्यांबद्दल औषधवाल्याला विचारून ठेवा. इन्शुलिन घेणाऱ्यांनी ते हातातल्या बॅगेतच ठेवावे, कारण विमानाच्या पोटातल्या सामानात ते गोठू शकते. किनाऱ्यावर ते उन्हात ठेवू नये आणि बर्फाला थेट टेकवूही नये. उष्णतेने इन्शुलिन शरीरात लवकर शोषले जाते, त्यात चालणे वाढलेले असते, त्यामुळे साखर एकाएकी उतरू शकते. खिशात ग्लुकोजच्या गोळ्या असाव्यात. सगळी औषधे मूळ बाटल्यांत, चार दिवस जास्तीची, आणि सोबत औषधांच्या मूळ नावांची चिठ्ठी असावी.

समुद्र

गणपतीपुळ्याचा किनारा ज्यांनी पाहिला आहे त्यांना शांत दिसणारा समुद्र किती फसवा असतो हे सांगायला नको. कॅनकूनच्या किनाऱ्यावर निशाणे असतात: हिरवे म्हणजे ठीक, पिवळे म्हणजे जपून, लाल म्हणजे धोका, काळे म्हणजे समुद्र बंद. ओढ आत खेचू लागली तर तिच्याशी झगडू नये. दम राखून तरंगावे, हात वर करून मदत मागावी, आणि पोहता येत असेल तर किनाऱ्याला समांतर जात ओढीच्या पट्ट्यातून बाहेर पडावे. ज्यांना पोहता येत नाही त्यांनी गुडघाभर पाण्यातच आनंद मानावा. मुलांकडे पाहणारा मोठा माणूस ठरलेला असावा. "सगळेच बघताहेत" म्हणजे बहुधा कोणीच बघत नसते.

डास आणि पोट

डेंग्यू कॅरिबियन बेटांवरही आहे आणि मेक्सिकोतही. त्याचा डास दिवसा चावतो, म्हणून संध्याकाळची वाट न पाहता वीस ते तीस टक्के डीट असलेले औषध लावा. आधी सनस्क्रीन, मग डासांचे औषध. तिथे असताना किंवा परतल्यावर दोन आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरांना प्रवासाबद्दल आवर्जून सांगा. डेंग्यू नाही असे ठरेपर्यंत अ‍ॅस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन घेऊ नका, त्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. तापाला टायलेनॉल चालते.

पाणी बाटलीचे प्या, आणि हॉटेलाबाहेर बर्फ व कापून ठेवलेली फळे टाळा. जुलाब झालेच तर एक लिटर शुद्ध पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. हे पाणी थोडे थोडे पाजत राहा. मधुमेही माणसाची साखर मात्र मोजत राहा. शाकाहारी मंडळींसाठी एक सूचना: मेक्सिकोत घेवड्याची उसळ पुष्कळदा डुकराच्या चरबीत शिजवतात. "सिन मान्तेका", म्हणजे चरबीविना, एवढे दोन शब्द पाठ करून जा.

आता पाकीट

पहिला प्रश्न विम्याचा. मेडिकेअर, मोजके अपवाद सोडले तर, अमेरिकेबाहेरच्या उपचारांचे पैसे देत नाही. काही मेडिगॅप योजना प्रवासाच्या पहिल्या ६० दिवसांत परदेशी तातडीच्या उपचारांचा ८० टक्के खर्च देतात. त्यासाठी आधी २५० डॉलर आपले जातात आणि आयुष्यभराची मर्यादा ५०,००० डॉलर असते. नोकरीतला विमा असेल तर फोन करून विचारा, आणि उत्तर लेखी मागून घ्या. भारतातून आलेल्या आई-वडिलांचा विमा अमेरिकेबाहेर चालतो का, हे तर तिकीट काढण्यापूर्वीच पाहा.

प्रवासाच्या विम्यात तीन गोष्टी वेगवेगळ्या असतात: सहल रद्द झाल्यास भरपाई, आजारपणाचा खर्च, आणि रुग्णाला विमानाने हलवण्याचा खर्च. स्वस्त पॉलिसीत बहुधा पहिलीच असते. आपल्याला गरज दुसरी आणि तिसरीची. जुन्या आजारांची अट माफ होते, पण त्यासाठी सहलीचे पहिले पैसे भरल्यापासून साधारण दोन-तीन आठवड्यांत पॉलिसी घ्यावी लागते. आमची चूक नेमकी इथेच झाली. शिवाय अटलांटिकमधल्या चक्रीवादळांचा मोसम १ जून ते ३० नोव्हेंबर असतो. वादळाला नाव पडल्यावर घेतलेला विमा त्या वादळासाठी उपयोगी पडत नाही.

दुसरा प्रश्न कार्डाचा. परदेशी व्यवहारावर पुष्कळ कार्डे सुमारे तीन टक्के शुल्क लावतात. न लावणारे कार्ड सोबत घ्या. यंत्र "डॉलर की पेसो" विचारील तेव्हा पेसो निवडा, कारण डॉलर म्हटले की दर दुकानदाराच्या बाजूचा लागतो. आणि मेक्सिकोत पेसोचे चिन्हही डॉलरसारखेच असते. आकडा पाहून छाती दडपण्याआधी एकदा विचारून घ्या. हॉस्पिटलची बिले तपशीलवार मागून घ्या, नाहीतर नंतर विमा कंपनीशी पत्रव्यवहार करताना नाकी नऊ येतात.

तिसरी गोष्ट "फुकट" न्याहारीची. विमानतळावर किंवा हॉटेलात गोड बोलून नव्वद मिनिटांच्या बैठकीला बोलावतात आणि टाइमशेअर गळ्यात मारतात. सुट्टीच्या आनंदात सही करू नका. केलीच असेल तर मेक्सिकोच्या कायद्याप्रमाणे करार रद्द करायला पाच कामकाजाचे दिवस मिळतात. लेखी कळवून पोच घ्या.

कागदपत्रांचेही पाहा. वैध अमेरिकन व्हिसा किंवा ग्रीन कार्ड असलेल्या भारतीय पासपोर्टधारकाला मेक्सिकोचा वेगळा व्हिसा लागत नाही. पण प्रत्येक देशाचा नियम निराळा, तेव्हा त्या त्या दूतावासाकडून खात्री करून घ्या. आई-वडिलांचा अमेरिकन व्हिसा परतीच्या तारखेलाही चालू आहे ना, हे विसरू नका.

पुन्हा समुद्रकाठी

हे सारे वाचून कोणी सहल रद्द करू नये. मार्च २०२५ मध्ये सासू-सासरे पुन्हा आले आणि बाबाच म्हणाले, "समुद्र राहिला होता ना पाहायचा?" या वेळी विमा तिकिटाबरोबरच घेतला, आणि त्यातली बारीक अक्षरे मी दोनदा वाचली. बाबा वॉटर शूज घालून पाण्यात गेले, तसेच शहाळ्याच्या रांगेत उभे राहिले. रोज रात्री नात टॉर्च घेऊन आजोबांचे तळवे तपासत होती आणि वहीत "ठीक" असे लिहीत होती. पाच दिवसांत पाच वेळा "ठीक". माझ्या नोकरीत मी पुष्कळ ताळेबंद पाहिले, पण इतके समाधान कुठल्याच ताळेबंदाने दिले नाही.

आपलेही असे काही अनुभव असतील तर मंडळाकडे जरूर लिहून पाठवा. दुसऱ्या कोणाचे पाय वाचतील.