निरशा दुधाचे चीज : चव, धोका आणि कायदा

युरोपीय संघाच्या २००४ च्या नियमावलीनुसार, कासेतून निघाल्यानंतर ज्याला ४० अंश सेल्सियसपेक्षा अधिक उष्णता लागलेली नाही, ते दूध कच्चे मानले जाते. मराठीत अशा न तापवलेल्या दुधाला निरसे दूध हा जुना आणि नेमका शब्द आहे. दूध घरात आले की आधी ते तापवायचे, ही शिस्त महाराष्ट्रातील स्वयंपाकघरात इतकी मुरलेली आहे की, फ्रान्समधील काही नामवंत चीज निरशा दुधापासूनच बनवले पाहिजे असा तेथील कायद्याचा आग्रह आहे, हे वाचून नवल वाटणे स्वाभाविक आहे. दुसरीकडे, स्कॉटलंडने पिण्यासाठी निरसे दूध विकण्यावर १९८३ पासून संपूर्ण बंदी घातली आहे. दोन्ही निर्णयांमागे अनुभव आहे, शास्त्रही आहे. आणि ते परस्परविरोधी वाटतात याचे मुख्य कारण असे की निरसे दूध पिणे आणि निरशा दुधाचे मुरवलेले चीज खाणे या दोन निराळ्या गोष्टी एकाच मापाने मोजल्या जातात.

चीज म्हणजे काय हे दह्याच्या आधारे सहज समजते. घरी दही लावताना दूध आधी उकळले जाते, म्हणजे त्यातील बहुतेक सूक्ष्मजीव मारले जातात, आणि मग कोमट दुधात विरजण घालून हवे तेच जीवाणू पुन्हा वाढवले जातात. कारखान्यातील बहुतांश चीज याच रीतीने बनते : दूध पाश्चरीकृत करायचे, निवडक जीवाणूंचे विरजण घालायचे, वासराच्या चौथ्या जठरातून मिळणारे किंवा हल्ली अन्य मार्गांनी तयार होणारे रेनेट हे विकर मिसळून दूध घट्ट करायचे, तो थर कापून निवळी वेगळी करायची आणि उरलेला गोळा मीठ लावून मुरवायचा. निरशा दुधाच्या चीजमध्येही अनेक कारागीर थोडे विरजण घालतातच. परंतु गाईच्या सडांची त्वचा, गोठ्यातील गवत, धार काढणाऱ्याचे हात आणि भांडी यांच्याकडून दुधात उतरलेली सूक्ष्मजीवांची मूळ वस्ती तेथे जिवंत राहते आणि विरजणाबरोबर कामाला लागते. शिवाय दुधातील स्निग्धांश फोडणारे लायपेजसारखे विकर, जे पाश्चरीकरणाच्या उष्णतेत बव्हंशी निकामी होते, ते येथे शाबूत असते. या सगळ्यामुळे अशा चीजची चव अधिक गहिरी आणि अनेकपदरी होते. तसेच ती ऋतूनुसार, कुरणानुसार आणि कधी कधी गोठ्यानुसारही बदलते.

फ्रान्सच्या ओव्हेर्न्य या डोंगराळ प्रदेशातील सालेर चीज हे या पद्धतीचे अत्यंत बोलके उदाहरण आहे. हे चीज १५ एप्रिल ते १५ नोव्हेंबर या काळातच, म्हणजे गाई कुरणात चरत असतानाच, शेतावर बनवले जाते. सालेर याच नावाच्या तांबूस, लांब शिंगांच्या गाईला वासरू लुचल्याशिवाय पान्हा फुटत नाही; म्हणून वासराला आधी थोडे पिऊ देतात आणि मग त्याला आईच्या पुढच्या पायाशी बांधून धार काढतात. ही रीत महाराष्ट्रातील कोणत्याही गोपालकाला ओळखीची वाटेल. ते दूध धारोष्ण असतानाच ‘जेर्ल’ नावाच्या लाकडी पिंपात ओतले जाते. हे पिंप साबणाने वा रसायनांनी घासून निर्जंतुक केले जात नाही. त्याच्या लाकडावर आम्ल तयार करणाऱ्या जीवाणूंचा एक पातळ सजीव थर कायम वसलेला असतो, आणि दूध त्यात पडताच त्याला त्या थराकडून विरजण लागू लागते. लाकूड अस्वच्छ असते या समजापोटी अशा पिंपांबद्दल अधिकाऱ्यांनी शंका घेतली, तेव्हा संशोधकांनी त्या थराचा अभ्यास केला आणि त्यात उपयुक्त जीवाणूंचेच प्राबल्य असल्याचे, रोगकारक जीवाणूंना तेथे पाय रोवणे कठीण जात असल्याचे आढळले. हे लाकूड न धुतल्यामुळे सुरक्षित राहिले, असा त्याचा अर्थ नव्हे. त्यावर वसलेली वस्ती पिढ्यान्‌पिढ्यांच्या काटेकोर वापराने टिकवली गेली, म्हणून ते सुरक्षित राहिले.

ज्यूरा पर्वताच्या परिसरातील कोंते या चीजची शिस्त याहूनही कडक आहे. सुमारे ४० किलोच्या एका चाकासाठी जवळपास ४०० लिटर निरसे दूध लागते, आणि ते माँबेलियार्ड किंवा फ्रेंच सिमेंटल याच जातींच्या गाईंचे असावे लागते. या गाईंना मुरघास देण्यास मनाई आहे, कारण मुरघासातून दुधात येणारे काही बीजाणू चीज मुरत असताना वायू निर्माण करून ते फुगवतात व नासवतात. तांब्याच्या कढईत घट्ट झालेल्या दुधाचे कण पन्नास अंश सेल्सियसच्या वर शेकले जातात, पुढे चाके स्प्रूस लाकडाच्या फळ्यांवर किमान १२० दिवस मुरतात. उन्हाळ्यातील चीज हिरव्या चाऱ्यातील कॅरोटीनमुळे पिवळसर दिसते, हिवाळ्यातील फिकट; जाणकार मनुष्य रंग आणि वास यांवरून ऋतू ओळखू शकतो. अन्न आणि भूमी यांचे असे नाते जिभेवर अनुभवता येणे, हा निरशा दुधाच्या चीजचा खरा आनंद आहे, आणि तो जपण्याजोगा आहे.

मात्र ज्या दुधात उपयुक्त जीवाणू सुखाने नांदतात, त्याच दुधात घातक जीवाणूही नांदू शकतात, हे मानव फार मोठी किंमत मोजून शिकला आहे. लुई पाश्चर यांनी १८६० च्या दशकात मद्य बिघडू नये म्हणून ते बेताने तापवण्याची रीत दाखवली. ती दुधाला लावावी, असे जर्मन रसायनशास्त्रज्ञ फ्रान्झ फॉन सॉक्सलेट यांनी १८८६ मध्ये सुचवले. दूध ६३ अंशांवर ३० मिनिटे किंवा ७२ अंशांवर १५ सेकंद ठेवणे, हे त्या रीतीचे आजचे परिचित स्वरूप आहे. त्या काळी शहरांतील दूध क्षय, घटसर्प, विषमज्वर यांचे वाहक होते. न्यूयॉर्कमध्ये नेथन स्ट्राउस यांनी १८९३ पासून गरीब मुलांसाठी पाश्चरीकृत दुधाची केंद्रे उघडली, आणि १९०८ मध्ये शिकागो शहराने पाश्चरीकरणाची सक्ती केली. १९१८ मध्ये ॲलिस इव्हान्स या अमेरिकी संशोधिकेने, गाईंचा गर्भपात घडवणारा जीवाणू आणि माणसांना माल्टा ताप आणणारा जीवाणू एकमेकांचे निकटचे नातेवाईक आहेत, असे दाखवून दिले, तेव्हा दुग्धव्यवसायाने आणि अनेक तज्ज्ञांनीही तिच्यावर विश्वास ठेवला नाही. पुढे प्रयोगशाळेत काम करताना तिला स्वतःला तोच ताप, म्हणजे ब्रुसेलोसिस, जडला आणि त्याने वर्षानुवर्षे तिची पाठ सोडली नाही. निरशा दुधाविषयीचे कायदे कडक का झाले, हे समजण्यासाठी हा इतिहास विसरून चालत नाही.

आज निकोप दिसणाऱ्या गाईच्या दुधातूनही ई. कोलाय जीवाणूचे शिगा विष तयार करणारे प्रकार येऊ शकतात आणि लहान मुलांची मूत्रपिंडे निकामी करू शकतात. लिस्टेरिया हा जीवाणू तर फ्रिजच्या थंडाव्यातही वाढतो. गर्भवती स्त्रीला त्याचा त्रास सौम्य तापाइतकाच जाणवला, तरी गर्भ दगावू शकतो. १९८५ मध्ये लॉस एंजेलिस परिसरात एका मऊ, ताज्या चीजमधून लिस्टेरिया पसरून १४२ जण बाधित झाले आणि गर्भ व नवजात बालके धरून ४८ जीव गेले. त्या चीजमध्ये पाश्चरीकरण न झालेले दूध मिसळले गेले असावे, असा तपासाचा निष्कर्ष होता. चीज सुरक्षित ठेवणाऱ्या गोष्टी चार : आम्लता, मीठ, कोरडेपणा आणि काळ. कोंते वा इटलीतील पार्मिजानो रेज्जानो यांसारख्या शेकलेल्या, कठीण आणि दीर्घकाळ मुरलेल्या चीजमध्ये या चारही गोष्टी एकवटतात, म्हणून त्यांचा धोका फारच कमी असतो. मऊ, ओलसर चीजमध्ये त्या दुबळ्या असतात. आणि पिण्याच्या निरशा दुधात तर त्यांतील एकही नसते.

कायद्याची खरी कसोटी येथेच लागते. अमेरिकेत १९४९ पासून असा नियम आहे की निरशा दुधाचे चीज निदान ६० दिवस मुरवलेले असावे. कठीण चीजसाठी तो उपयोगी ठरला, परंतु कामाँबेरसारख्या मऊ चीजला तो लागू पडत नाही, कारण ते तीन-चार आठवड्यांतच खाण्यायोग्य होते आणि दोन महिन्यांत उतरणीला लागते. त्याहून महत्त्वाचे असे की कामाँबेरवरची पांढरी बुरशी मुरताना आम्ल खाऊन टाकते, त्यामुळे काळ जाईल तसा लिस्टेरियाला वाढण्यास अधिकच वाव मिळतो. अमेरिका व कॅनडा यांच्या आरोग्य यंत्रणांनी २०१५ मध्ये मांडलेल्या संयुक्त अंदाजानुसार, निरशा दुधाच्या अशा मऊ चीजमधून लिस्टेरियाचा धोका पाश्चरीकृत चीजच्या तुलनेत ५० ते १६० पट अधिक असतो आणि ६० दिवसांच्या थांबण्याने तो घटत नाही, उलट वाढतो. प्रत्येक घाण्याची तपासणी मात्र तो खूपच कमी करू शकते. सरसकट दिवस मोजणाऱ्या नियमापेक्षा पदार्थाचा स्वभाव ओळखणारा नियम श्रेष्ठ, हा त्याचा धडा आहे.

फ्रान्सची वाट बरीचशी तशी आहे. तेथे दुधातील जीवाणूंच्या मर्यादा ठरलेल्या आहेत, वेष्टनावर ‘कच्चे दूध’ असा उल्लेख बंधनकारक आहे, आणि पाच वर्षांखालील मुले, गर्भवती स्त्रिया व प्रतिकारशक्ती क्षीण असलेल्या व्यक्तींनी कच्चे दूध आणि त्याचे चीज टाळावे, कोंतेसारखे शेकलेले कठीण चीज मात्र खाण्यास हरकत नाही, असा स्पष्ट सल्ला शासन देते. नॉर्मंडीचे कामाँबेर तर निरशा दुधाचेच असावे आणि पळीने थरावर थर ओतून घडवावे, अशी अट आहे. २००७ मध्ये दोन मोठ्या उत्पादकांनी सुरक्षिततेचे कारण देऊन प्रक्रिया केलेल्या दुधाचा मार्ग धरला आणि अट शिथिल करण्याची मागणी केली; लहान कारागिरांनी ती नेटाने रोखली आणि २००८ च्या नियमांत निरशा दुधाची अट कायम राहिली. सुरक्षिततेची काळजी खरी होती. पण ती वाहण्याचा मार्ग गोठ्यापासून तपासणीपर्यंतच्या दक्षतेतूनही जातो, हे त्या कारागिरांचे म्हणणेही तितकेच खरे होते.

महाराष्ट्रात दीर्घकाळ मुरवलेल्या चीजची परंपरा नाही. दूध नासणे ही येथे बहुधा हानीच मानली गेली. धारोष्ण दुधाची महती मात्र सांगितली जाते, आणि अलीकडे ‘नैसर्गिक’ या शब्दाच्या मोहाने निरसे दूध पिण्याकडे काहींचा ओढा दिसतो. गाभ टाकणाऱ्या गाई-म्हशींमधून माणसांत येणारा, चढउताराचा ताप आणि सांधेदुखी देणारा ब्रुसेलोसिस देशात आजही आहे. तो आटोक्यात आणण्यासाठी चार ते आठ महिने वयाच्या मादी वासरांना लस देण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१९ मध्ये सुरू झाला. सुट्या दुधाला उकळी आणण्याची घरोघरची सवय हे त्यामुळे अडाणीपण नव्हे. गोठ्यापासून ग्राहकापर्यंत तपासणीची साखळी नसलेल्या समाजाने स्वतःसाठी उभारलेले ते शहाणे संरक्षण आहे. निरशा दुधाच्या चीजचा आनंद ज्यांनी टिकवला, त्यांनी निसर्गावर डोळे मिटून विश्वास ठेवला नाही. त्यांनी गाय, चारा, हात, लाकूड आणि काळ या प्रत्येकावर पाळत ठेवली. ती पाळत जेथे आहे, तेथे कायद्याने त्या चवीला जागा द्यावी. आणि ती जेथे नाही, तेथे दुधाचे पातेले निमूट चुलीवर चढवावे.