जोर, बैठका आणि सागाचा खांब

यवतमाळच्या शेजारी अमरावतीत १९१४ साली वैद्य बंधूंनी हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ सुरू केलं. १९३६च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी मंडळाच्या पथकानं तिथं देशी खेळांची प्रात्यक्षिकं दाखवली. भांडवल काय, तर स्वतःचं अंग.

अशा देशी व्यायामांतला जोर नीट पाहा. तळवे आणि चवडे जमिनीवर, कंबर वर. कोपरं वाकवत छाती तळव्यांमधून जमिनीलगत पुढं न्यायची, हात सरळ करत मान उचलायची, की पुन्हा कंबर मागं. छाती, खांदे, दंड, पाठ, पोट सगळे एका लयीत राबतात. यंत्रावर एखादा स्नायू सुटा कमावता येतो. पण कापसाचं गाठोडं गाडीत चढवताना कुठलाच स्नायू एकटा काम करत नाही. मल्लखांब जोराहून कठीण: एरंडेल चोळलेला सागाचा गुळगुळीत खांब आणि पकड मांड्यांची. (यवतमाळसारख्या सागाच्या जिल्ह्यात खांबाची सबब चालायची नाही.) पैलवान त्यावर घाम गाळत, ते कुस्तीतल्या पकडीसाठीच.

सुरुवातीला रोज दहा जोर, वीस बैठका पुरेत. गुडघे किंवा खांदे दुखत असतील तर आधी डॉक्टरांना विचारा, आणि वस्तादांशिवाय मल्लखांबावर चढू नका.