ट्रलीच्या वाऱ्याला कोणती फळी?

आपल्या ल मॉर्नला प्रवाळाच्या आत शांत पाणी नि बाहेर लाट असते. आयर्लंडच्या ट्रली गावाजवळ, माहरीज या वाळूच्या पट्ट्यावर, तसेच आहे: पूर्वेस ट्रलीचा उपसागर सपाट, पश्चिमेस ब्रँडनच्या उपसागरात अटलांटिकच्या लाटा. ब्रँडनचा किनारा ऊसतोडीच्या कोयत्यासारखा वळलेला, म्हणून वारा कुठूनही येवो, कुठेतरी आडवा मिळतोच.

शिडाच्या दोन फळ्या घेणे शिक्षकाच्या पगारात बसत नाही! शिकलेल्याने आपल्या किलोत तीस मिळवून तितक्या लिटरची घ्यावी. ७५ किलोला सुमारे १०५. फारच लहान फळी वारा पडताच माणसासह बुडते, आणि ते पाणी आपल्यासारखे ऊबदार नाही. खाली एक मोठी फिन किंवा तीन छोट्या, दोन्ही बसतात ना, हे दुकानात विचारावे. शिडे मात्र दोन तरी लागतात.