दोन अर्धुकांचे लाकडी चाक

पिठाच्या गिरणीत डबा ठेवून नंबर लावलेल्या माणसाची नजर सहसा कोठे असते? जात्यातून पडणाऱ्या पिठावर, नाहीतर पुढच्याच्या ज्वारीवर आपले गहू तर टाकत नाहीत ना, यावर! बाजूने सळसळत जाणाऱ्या पट्ट्याकडे लक्ष जाते ते मुलांना "तिकडे जाऊ नकोस रे" एवढे बजावण्यापुरते. आणि हा पट्टा ज्या चाकावरून धावतो त्या पुलीकडे तर कोणीच पाहत नाही. माझी उभी हयात यंत्रांच्या दुरुस्तीत गेल्यामुळे मला मात्र गिरणीत शिरताच आधी पुली दिसते, पीठ नंतर. घरच्या मंडळींनी या खोडीबद्दल मला पुष्कळदा हसून घेतले आहे.

या पुलीच्या घराण्यात एक लाकडी शाखा होऊन गेली. ती लाकडाची होतीच, शिवाय मधोमध दुभंगलेली होती. दोन अर्धुके बोल्टांनी जोडून तिचे एक चाक होई. लाकडाचे आणि त्यातून दोन तुकड्यांचे चाक भरवशाचे कसे असेल, अशी शंका कोणालाही येईल. पण एके काळी हजारो कारखान्यांचा कारभार अशा चाकांवर चालला. त्यांचीच ही हकीकत.

एक दांडा, अनेक यंत्रे

आज प्रत्येक यंत्राला त्याची स्वतःची विजेची मोटर असते. पूर्वी तसे नव्हते. कारखान्यात एकच इंजिन असे आणि त्याच्या जोरावर सगळी यंत्रे चालत. छताखालून या टोकापासून त्या टोकापर्यंत एक लांबलचक लोखंडी दांडा फिरत राही. त्याला लाइन शाफ्ट म्हणत. या दांड्यावर जागोजाग पुल्या बसवलेल्या असत आणि प्रत्येक पुलीवरून एकेक पट्टा खालच्या यंत्रावर उतरे. अमेरिकेत लॉवेल येथील एका कापडगिरणीत पॉल मूडी याने १८२८ साली दातेरी चक्रांऐवजी चामड्याचे पट्टे वापरले आणि पुढे ती पद्धत तिकडे सर्वत्र रूढ झाली. आपल्याकडे कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली मुंबईत पहिली कापडगिरणी काढली, ती १८५६ साली सुरू झाली. पुढे गिरणगाव उभे राहिले, तेही वाफेच्या इंजिनावर आणि छताखालच्या अशाच दांड्यांवर. मी १९७२ साली उमेदवार म्हणून ज्या वर्कशॉपमध्ये लागलो, तेथेही एका कोपऱ्यात जुना लाइन शाफ्ट चालू होता. त्याला तेल घालणे हे माझे पहिले काम.

या व्यवस्थेत एक मोठी अडचण होती. समजा, नवे यंत्र आले. त्याच्यासाठी दांड्यावर एक पुली वाढवायची. पुली अखंड असेल तर ती बांगडीसारखी दांड्याच्या टोकाकडूनच आत सरकवावी लागणार. म्हणजे इंजिन थांबवा, पट्टे उतरवा, बेअरिंगे सोडा, दांडा खाली घ्या, मधल्या पुल्या एकेक करून काढा, नवी चढवा आणि पुन्हा सगळे होते तसे करा! एका यंत्रासाठी सारा कारखाना दिवसभर ठप्प. गळ्यात घालायच्या माळेचा मधला एक मणी बदलण्यासारखेच हे काम.

इंडियानातील युक्ती

या अडचणीवर धंदा उभारला तो अमेरिकेतील इंडियाना राज्यात, मिशावाका नावाच्या लहानशा गावी. वॉलेस डॉज या गृहस्थाने तेथे १८७८ साली लाकडी वस्तूंचा कारखाना काढला आणि पुढील काही वर्षांत दोन अर्धुकांची लाकडी पुली बाजारात आणली. दांडा जागचा न हलवता एक अर्धुक वरून, एक खालून लावायचे आणि बोल्ट आवळायचे. काम अर्ध्या-पाऊण तासाचे. त्याच राज्यातील कोलंबस गावची रीव्ह्ज कंपनीही अशाच लाकडी पुल्यांसाठी नावाजली.

डॉजच्या पुलीत आणखी एक खुबी होती. कारखान्या-कारखान्यांतून दांडे निरनिराळ्या जाडीचे. प्रत्येक जाडीची वेगळी पुली दुकानदाराने ठेवायची म्हटले तर दुकान पुरायचे नाही. म्हणून पुलीचे भोक मुळातच मोठे ठेवले आणि त्यात बसणारा दोन तुकड्यांचा लाकडी बुश वेगळा दिला. बुश बदलला की तीच पुली दुसऱ्या दांड्यावर चढते. शिवाय दांड्याला खाच पाडून चावी ठोकण्याचे कारण नाही. पुली दांड्याला धरून राहते ती केवळ आवळलेल्या पकडीवर.

दिवाळीचे पोहे आणि तडकलेली पुली

हे सारे मला पुस्तकातून ठाऊक होते. अशी पुली घडताना पाहण्याचा योग आला तो १९८३ साली, सावंतवाडीकडच्या एका खेड्यात. दसरा होऊन आठवडा झाला होता आणि मी रजेवर गावी गेलो होतो. गावात भात भरडण्याची आणि पोहे काढण्याची एक गिरणी होती. एक सहा अश्वशक्तीचे डिझेल इंजिन, एक दांडा आणि त्यावर तीन यंत्रे. कोकणात नरकचतुर्दशीला अभ्यंगस्नान झाले की घरोघर पोहे. गोडे पोहे, दुधातले पोहे, ताकातले पोहे! त्यामुळे दिवाळीपूर्वीचे ते पंधरा दिवस म्हणजे गिरणीची खरी सुगी. आणि नेमकी तेव्हाच इंजिनाकडून जोर घेणारी दांड्यावरची मोठी ओतीव पुली आऱ्यापाशी तडकली.

ओतीव लोखंडाला साधे वेल्डिंग मानवत नाही. नवी पुली कोल्हापुराहून आणायची, तिला भोक पाडून घ्यायचे, खाच करायची आणि मग तो दांडा उतरवण्याचा सोहळा. आठ दिवसांची निश्चिंती. इकडे तीन गावांचे भात पोह्यांसाठी भिजत पडलेले. भिजलेले भात वाट पाहत नाही. त्याला आंबूस वास येतो, मोड फुटू लागतात. गिरणीवाल्यांच्या घरच्या बायकांनी त्यातले जमेल तेवढे भाजून उखळात कांडायला घेतले होते. त्यांच्या तळहातांना फोड आले होते.

मी लाकडी पुलीची कल्पना काढली तेव्हा गावचे वृद्ध मेस्त्री माझ्याकडे पाहतच राहिले. "आख्ख्या चाकाचे दोन तुकडे? ह्या खयचा शहाणपण?" पण पाटीवर आकृती काढून दाखवताच त्यांचा चेहरा उजळला. "भाऊनू, ह्या तर गाडयेच्या चाकासारख्याच झाला!" ज्या माणसाने जन्मभर बैलगाडीचा तुंबा, आरे आणि धाव बसवली, त्याला पुली परकी वाटण्याचे कारणच नव्हते.

चाक कसे घडले

पुली हवी होती २६ इंच व्यासाची आणि सहा इंच रुंदीची. एका पडक्या घराची सागवानी तुळई मिळाली. पन्नास-साठ पावसाळे पाहिलेले ते लाकूड जेवढे वाळायचे तेवढे वाळून गेले होते.

येथे पहिला प्रश्न असा की, रुंद फळ्या जोडून सरळ गोल चकतीच का कापू नये? कारण लाकूड सर्व दिशांनी सारखे वागत नाही. दमट हवेत ते रेषांच्या आडव्या दिशेने फुगते, उभ्या दिशेने जवळजवळ नाही. कोकणच्या पहिल्याच पावसात ती चकती लंबगोल झाली असती. म्हणून पुलीचा घेर लहान लहान कमानी तुकड्यांनी बांधतात. प्रत्येक तुकड्याच्या रेषा घेराच्या दिशेने धावतात, त्यामुळे घेर वाढत-घटत नाही आणि ओढही लाकडाच्या बळकट बाजूवर येते.

मेस्त्रींनी पुठ्ठ्याचा नमुना कापला. पूर्ण वर्तुळाचे सहा तुकडे धरले तर एकेका तुकड्याची लांबी, टोकापासून टोकापर्यंत, बरोबर १३ इंच. शाळेत भूमितीत शिकवतात ना, वर्तुळातल्या षटकोनाची बाजू त्रिज्येएवढी असते, ते हे! अर्धुकाला तीन तुकड्यांचा एक थर, त्यावर दुसरा थर मात्र अर्ध्या तुकड्याने सुरू केलेला. विटांच्या भिंतीत सांधा सांध्यावर येऊ देत नाहीत, तसेच येथे. एकेक इंच जाडीचे असे सहा थर सरसाने चिकटवून, खिळे ठोकून, रात्रभर शिकंजात आवळून ठेवले.

मग प्रत्येक अर्धुकाच्या कापलेल्या बाजूवर एक जाड आडवा वासा घेरात सालपाडून बसवला आणि त्याच्या मधोमध बुशासाठी अर्धगोल कोरला. त्या वाशापासून घेरापर्यंत एक उभा आरा. दांड्याच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन, असे अर्धा इंची चार बोल्ट. दोन्ही वासे एकमेकांना भिडू न देता मध्ये काडीभर फट ठेवली. ही फट फार महत्त्वाची, कारण वासे आधीच भिडले तर बोल्ट कितीही आवळा, दांड्यावर पकड यायची नाही.

शेवटी जुन्या शाफ्टच्या तुकड्यावर चाक चढवून दोन पोरांनी हँडल फिरवले आणि मेस्त्रींनी पटाशी टेकवून घेर तासला. घेराचा मध्य किंचित उंच ठेवला. ही उंची डोळ्यांना जेमतेम जाणवते, पण तीच पट्ट्याला जागेवर ठेवते. सपाट पट्टा नेहमी जास्त व्यासाकडे चढत जातो. उंच भाग मधोमध असला की तो इकडे-तिकडे सरकला तरी पुन्हा मध्यावर येतो. मग चाक मोकळे सोडून कोणती बाजू जड होऊन खाली येते ते पाहिले आणि समोरच्या हलक्या बाजूला शिशाची गोळी बसवून तोल साधला. वरून जवसाच्या तेलाचे दोन हात.

पण घसरणार नाही ना?

गिरणीवाल्यांच्या मनातली शंका रास्त होती. चावी नाही, खाच नाही, नुसते आवळून चाक इंजिनाचा जोर कसे पेलणार? आम्ही ओसरीवर बसून हिशेब केला. इंजिन मिनिटाला ६५० फेऱ्यांचे, त्यावरची पुली १२ इंची. म्हणजे पट्टा मिनिटाला सुमारे २०४० फूट धावणार आणि दांडा ३०० फेऱ्या घेणार. सहा अश्वशक्तीसाठी या वेगाला पट्ट्याची उपयोगी ओढ भरते ४४ किलो. दांडा दीड इंची, चाक २६ इंची, म्हणजे दांड्याच्या पृष्ठभागावर हीच ओढ सतरापटीहून थोडी अधिक, सुमारे ७६० किलो. आकडा ऐकून त्यांचा चेहरा उतरला.

पण पकड दांड्याच्या सगळ्या अंगाने असते. लाकूड आणि लोखंड यांचे घर्षण बेताचेच धरले तरी चार बोल्टांनी मिळून आठशे किलोंनी आवळले की भागते. एका बोल्टाच्या वाट्याला दोनशे. अर्धा इंची बोल्ट साध्या पान्याने याच्या दुप्पट सहज ताणला जातो. हा हिशेब मेस्त्रींनी एका वाक्यात निकालात काढला. बरणीचे झाकण घट्ट बसते तेव्हा त्याला कोण चावी ठोकतो?

पाचव्या दिवशी सकाळी चाक दांड्यावर चढले. दांडा उतरवला नाही, बाकीच्या यंत्रांचे पट्टेसुद्धा काढले नाहीत. इंजिन सुरू झाले, पट्टा क्षणभर डोलला आणि मध्यावर येऊन स्थिरावला. त्या रात्री गिरणी बारापर्यंत चालली. भिजलेल्या भातापैकी दोन पोती तेवढी वाया गेली. बाकीचे पोहे दिवाळीआधी ज्याच्या त्याच्या घरी पोचले. पुढे काही वर्षांनी गिरणीत विजेची मोटर आली, तोवर ते चाक फिरत होते. दर पावसाळ्यानंतर बोल्ट तेवढे पुन्हा आवळावे लागत.

गुण आणि दोष

लाकडी पुलीचे गुण नुसते अडचणीपुरते नव्हते. त्याच मापाच्या ओतीव पुलीपेक्षा तिचे वजन पुष्कळ कमी, त्यामुळे बेअरिंगांवर भार कमी. चामड्याचा पट्टा लोखंडापेक्षा लाकडाला अधिक चिकटून चालतो, म्हणून तो कमी ताणला तरी पुरतो. ओतीव पुलीचा घेर मिनिटाला सुमारे एका मैलापलीकडे पळवू नये, असा जुना दंडक होता. स्वतःच्याच वजनाच्या झेपेने ती फुटण्याची भीती असे. लाकूड वजनाला हलके असल्याने त्याला ही भीती कमी.

दोषही सांगितले पाहिजेत. पाणी, वाळवी आणि आग हे तिचे तीन शत्रू. तेल मुरले की पकड सुटते. आणि पुली लाकडी असो वा लोखंडी, उघडा पट्टा हा घातकच. लाइन शाफ्टच्या जमान्यात धोतराचा सोगा, पदर किंवा सैल बाही पट्ट्यात सापडून माणसे जायबंदी झाली, कित्येक प्राणाला मुकली. १९४८ च्या कारखाने कायद्यात चालत्या यंत्राजवळ काम करणाऱ्याने अंगाबरोबरचे कपडे घालावेत, असे कलम घालावे लागले ते उगीच नव्हे. प्रत्येक यंत्राला स्वतंत्र मोटर आली आणि छताखालचे ते पट्ट्यांचे जंगल गेले, याचे मला तरी दुःख नाही.

लाकडी पुली गेली, पण तिच्यातली युक्ती गेली नाही. आज मोटरच्या लोखंडी पुलीत एक निमुळता, एका बाजूने चिरलेला बुश बसवतात. स्क्रू आवळले की तो दांड्याला आवळून धरतो. बुश बदलला की तीच पुली दुसऱ्या जाडीच्या दांड्यावर चालते. कारखान्यांतून त्याला टेपर लॉक म्हणतात. हे नावही मिशावाकाच्या त्याच डॉज कंपनीने रूढ केलेले. नव्या पोरांना तो बुश बसवायला शिकवताना मी त्यांना चिरेवर बोट ठेवायला सांगत असे. ती चीर बुजवली तर बुश दांड्याला कधीच धरणार नाही.