हलवून वाजणारी घनवाद्ये : केळापूर परिसरातील घुंगरांच्या संदर्भात

प्रस्तावना :
भरताच्या नाट्यशास्त्रापासून भारतीय परंपरेत वाद्यांचे तत, सुषिर, अवनद्ध आणि घन असे चार वर्ग मानले जातात. टाळ, झांज, घंटा यांच्याप्रमाणेच घुंगरू व खुळखुळा यांची गणनाही घनवाद्यांत होते. तथापि, टाळ परस्परांवर आपटून वाजतो, तर घुंगरू हलविल्याने वाजते. प्रस्तुत लेखात या भेदाचे स्वरूप व महत्त्व स्पष्ट केले आहे.

वर्गीकरण :
एरिक फॉन हॉर्नबोस्टेल आणि कुर्ट झाक्स यांनी १९१४ मध्ये मांडलेल्या वर्गीकरणात हलवून वाजणाऱ्या वाद्यांना स्वतंत्र स्थान आहे. त्यांचे तीन प्रमुख प्रकार होतात. पहिल्यात शिंपले, बिया किंवा टरफले दोरीत ओवलेली अथवा काठीला बांधलेली असतात व ती एकमेकांवर आदळतात. दुसऱ्यात चौकटीत सैल बसविलेले भाग नाद करतात. प्राचीन इजिप्तमधील सिस्ट्रम हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण होय. तिसऱ्यात पोकळ पात्रातील खडे वा बिया आतील भिंतीवर आदळतात. लॅटिन अमेरिकेतील माराका व आपल्याकडील खुळखुळा या प्रकारचे आहेत. धातूच्या पोकळीत गोळी असलेले घुंगरूही याच प्रकारात येते. मात्र घुंगरे माळेत ओवली की रचनेच्या दृष्टीने पहिल्या प्रकाराशीही त्यांचे नाते जुळते.

ध्वनिनिर्मिती :
टाळकरी नेमक्या मात्रेवर एक आघात करतो. घुंगरांच्या माळेत मात्र एका हालचालीतून अनेक लहान आघात किंचित पुढेमागे घडतात. त्यामुळे एकच स्पष्ट ठोका न उमटता नादाचा पुंजका निर्माण होतो. पायाची गती, पावलाचा जोर आणि थांबण्याची पद्धत यांनुसार तो बदलतो. लावणी नर्तिकेच्या पायांतील चाळ याच तत्त्वावर बोलतात.

केळापूर परिसर :
यवतमाळ जिल्ह्यातील केळापूर तालुक्याचे मुख्यालय पांढरकवडा येथे असून तालुक्यात गोंड व कोलाम समाजांची मोठी वस्ती आहे. पैनगंगेपलीकडे तेलंगणातील आदिलाबाद जिल्हा लागतो. या सलग सांस्कृतिक प्रदेशात दिवाळीच्या सुमारास दंडारी व घुसाडी नृत्ये होतात. मोरपिसांचा मुकुट धारण केलेल्या घुसाडी नर्तकाच्या अंगावरील घुंगरे ढोलांच्या तालाला त्याच्या पावलांची जोड देतात. या नृत्यपरंपरेतील मार्लवाई येथील कलावंत कनकराजू यांना २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. २०२४ मध्ये त्यांचे निधन झाले.

पोळ्याच्या दिवशी बैलांच्या गळ्यातील घुंगरमाळांतही हेच तत्त्व आढळते. तेथे वादक माणूस नसून चालणारा बैल असतो. त्यामुळे घुंगरमाळेची नोंद वाद्य म्हणून न होता साज म्हणून होते.

निष्कर्ष :
हलवून वाजणाऱ्या वाद्याचा वादक म्हणजे हालणारे शरीर होय. ढोल संग्रहालयात ठेवला तरी जाणकार वादक त्यातून त्याचे बोल पुन्हा काढू शकतो. घुंगरांची माळ जपली, पण पदन्यास विसरला गेला, तर तिचे संगीत परत मिळत नाही. म्हणून अशा वाद्यांचे दस्तऐवजीकरण करताना घुंगरांची संख्या, धातू व बांधणी यांबरोबरच ते धारण करणाऱ्याच्या हालचालींचे चित्रमुद्रणही आवश्यक ठरते. लोकसाहित्य, संगीत आणि भौतिकशास्त्र या विभागांनी एकत्रितपणे हाती घ्यावे असे हे कार्य आहे.